तोंड उघड, बघू

बावीस वर्षं गावाचं पाणी मी सोडतोय.
हातात कंबरेइतकी उंच लोखंडी चावी,
पहाटे वरची गल्ली, मग बस्तीकडची,
मग शाळेमागची ओळ, जिथं नळाला नेहमी कमी येतं
आणि मला नेहमी शिव्या जास्त.

बोअरला पाणी लागलं ते मला आठवतंय.
तीनशे ऐंशी फुटांवर दगडाची पांढरी भुकटी उडाली,
मग चिखल, मग एकदम धार.
पद्मण्णानं नारळ फोडला, मशीनला गुलाल लावला
आणि पहिला तांब्या माझ्या हातात दिला.
सातगोंडा, तू वॉटरमन. तू पी.
प्यालो. गार होतं.
गोड हाय, म्हटलं.
गावानं माझं ऐकलं.

मग एका वर्षी अथणीहून शाळेत फोटोवाला आला.
हसा, म्हणाला.
चौथीच्या एकतीस पोरांनी ओठ मिटून हसून दाखवलं.
एकटा मास्तरांचा शार्दूल दात काढून हसला.
तो खानापूरकडचा, दात तिकडंच घडलेले.
त्याची बहीण इथं जन्मली.
तिचे दुधाचे पडून नवे आले
तर त्यांच्यावर पट्ट्या,
गेरूत बोट बुडवून ओढल्यासारख्या.

शिबिराला बेळगावच्या डॉक्टरीणबाई आल्या.
म्हणाल्या, फ्लोराईड वाईट नसतं,
चिमूटभर असलं तर दात राखतं.
जास्त झालं की दात खातं, मग हाडं धरतं.
मिठासारखं? मी विचारलं.
हो, मिठासारखंच.
खरं बाई, मीठ जिभेला कळतंय.
हे कळत नाही.
रुक्कव्वा मागून म्हणाली, आम्ही उकळून पितो की.
उकळलं तर आणि दाट होतं, म्हणाल्या बाई,
आणि मांडवात कुणी बोललं नाही.
पद्मण्णा पहिल्या ओळीत होता.
आता मान वळत नाही त्याची,
मागं बघायचं तर बैलासारखा सगळाच वळतो.
तो माझ्याकडं बघायला वळला.

जाताना त्यांनी मला एक डबी शिकवली.
काचेच्या नळीत पाणी, वर लाल औषधाचे थेंब.
गुलाबी राहिलं तर प्यायचं.
आमचं पिवळं झालं,
हळदीच्या दिवशी नवरीचे तळवे असतात तसं.

पंचायतीनं बोअरवर पत्रा ठोकला:
कुडियलु योग्यवल्ल. खाली आकडा, दोन पॉइंट आठ.
आठवड्याच्या आत रात्री कुणीतरी त्याला डांबर फासलं,
अक्षरं कन्नड होती म्हणून.
पोलीस आले, भाषेची चौकशी झाली, दोन पोरं चिक्कोडीला नेली.
डांबराखाली आकडा पण गेला
त्याची तक्रार कुणी दिली नाही.
आकडा कुठल्या बाजूचा, मलाही सांगता आलं नसतं.

मग नदीचं पाणी आलं, निळ्या पाइपातून.
बोअरचा व्हॉल्व मी ग्रीस लावून बंद केला.
चार वर्षं.

यंदा चैतातच नदीत वाळू दिसली.
सेक्रेटरीचा फोन: सातगोंडा, जुनं सोड.
साहेब, ते...
भांड्याला तर होईल. लोक टाकीवर दगड मारायलेत.

सोडलं.
आणि चावी खांद्यावर टाकून दारोदार हिंडलो:
धुण्याला घ्या, जनावराला पण नको, प्यायला नको, पोरांना तर नकोच.
कस्तुरीनं घागर माझ्यासमोर भरली.
प्यायचं मग कुठलं आणू, तेवढं सांगून जा.
पाच रुपयाचं नाणं टाकून पाणी देणारं मशीन
दिवाळीपासून बंद हाय.
मी पुढच्या दाराला गेलो.

संध्याकाळी नात पळत आली, सहा वर्षांची.
मुठीत पडलेला दात, तांदळाएवढा, पांढरा.
कौलावर टाक आजोबा, नवा येईल.
टाकला.
खाली तिच्या हिरडीत काहीतरी टोचतंय म्हणाली.
उजेडात ये, म्हटलं.
तोंड उघड.

ती हसायला लागली, थांबेना,
आणि मी तिची हनुवटी धरून उभा,
बॅटरी पेटवायचं धाडस होईना.